सीएसएमला उभं राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन खेळ खेळणारे मराठी लोक मूठभर. पण दरवर्षी सीएसएमची निवडणूक जाहीर झाली की त्यातल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "दादा, मी उभा राहू का?" तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी स्वतः कधी उभा राहिलेलो नाही. एका उमेदवाराच्या प्रचारात दोन वर्षं राबलो आणि दोन्ही वेळा आम्ही आपटलो. त्यामुळे जिंकायचं कसं यापेक्षा हरतात कसं, हे मला जास्त नीट माहीत आहे.

सीएसएम म्हणजे नक्की काय?

कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट. नाव ऐकून वाटतं, आकाशगंगेचा कारभार हाकणारं मंत्रिमंडळ असणार. प्रत्यक्षात ही खेळाडूंनी निवडून दिलेली सल्लागार समिती आहे. ईव्ह ऑनलाइन चालवते सीसीपी ही आइसलँडच्या रेक्याविकमधली कंपनी. खेळ ६ मे २००३ रोजी सुरू झाला आणि पहिली सीएसएम निवडून आली २००८ मध्ये. निवडून आलेले लोक वर्षभर कंपनीच्या माणसांशी चॅटवर आणि कॉलवर बोलतात, येऊ घातलेले बदल आधी बघतात, "हे करू नका, लोक पेटतील" असं सांगतात, आणि अधूनमधून रेक्याविकला बैठकीला जातात. पगार नाही. मानधनही नाही.

पहिल्या कौन्सिलमध्ये ९ जण होते आणि मुदत सहा महिन्यांची. सहा महिन्यांत माणसाला कामाची ओळख होईपर्यंत पुढची निवडणूक दारात यायची, म्हणून २०१० पासून मुदत वर्षाची झाली. सदस्यसंख्या मध्ये काही वर्षं १४ होती, मग १० वर आली. नियम दर एकदोन वर्षांनी थोडे हलतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची घोषणा पूर्ण वाचा, माझ्या भरवशावर राहू नका.

एखाद्या गेम कंपनीला निवडणूक घ्यायची गरजच का पडली?

गरज पडली, कारण घरातच चोरी सापडली. २००७ च्या फेब्रुवारीत उघड झालं की सीसीपीतल्या एका डेव्हलपरने, ज्याला सगळे टी-ट्वेंटी या नावाने ओळखत, आपल्या खेळातल्या सोबत्यांना दुर्मिळ ब्लूप्रिंट्स (जहाजं-वस्तू बनवायचे आराखडे) मिळवून दिल्या होत्या. हे सोबती बँड ऑफ ब्रदर्स या त्या काळच्या सगळ्यात दांडग्या अलायन्समधले, म्हणजे खेळाडूंच्या गटांच्या युतीतले.

दुसऱ्या एखाद्या खेळात हे कदाचित खपलं असतं. पण ईव्हमध्ये सगळे एकाच विश्वात असतात. चीनसाठी वेगळा सर्व्हर आहे, तो सोडला तर जगभरातले खेळाडू त्याच सात हजारांहून जास्त सौरमालांमध्ये, त्याच बाजारात, त्याच भांडणांत. एकाला फुकट मिळालेली ब्लूप्रिंट म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय. गावात एकच विहीर असली की पाणी कोण कसं भरतं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तसं. कंपनीने आतल्या तपासासाठी वेगळा विभाग काढला आणि खेळाडूंचे निवडलेले प्रतिनिधी बोलावून "या, आत काय चाललंय ते बघा" असं म्हटलं. पहिल्या निवडणुकीत मतदान झालं जेमतेम ११ टक्के. म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्यातल्या दहापैकी नऊ जणांनी मतपेटीकडे फिरकूनही पाहिलं नाही. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला याहून जास्त गर्दी असते, निदान चहा होईपर्यंत तरी.

कौन्सिलला अधिकार किती?

शून्य. व्हेटो नाही, ठराव बंधनकारक नाही, बजेट नाही.

मग उपयोग काय?

त्यासाठी २०११ चा उन्हाळा समजून घ्यावा लागतो.

त्या जूनमध्ये इन्कार्ना हे अपडेट आलं. जहाजाबाहेर पडून आपलं पात्र चालताना बघता येणार, म्हणून गाजावाजा झाला होता. मिळाली एक खोली. सोबत दुकान उघडलं आणि त्यात एका डोळ्यावर लावायचा चष्मा, मॉनोकल, साठ डॉलरच्या आसपास! त्याच सुमारास कंपनीचं अंतर्गत पत्रक फुटलं. खेळाडूंना वस्तू विकून पैसा कसा काढायचा याची चर्चा त्यात होती. पाठोपाठ मुख्याधिकारी हिल्मार पेटुर्सन यांची आतल्या लोकांना लिहिलेली मेलही बाहेर आली. लोक काय बोलतात यापेक्षा काय करतात ते बघा, असा तिचा सूर. मग लोकांनी करून दाखवलं. जिता या सगळ्यात मोठ्या बाजारपेठेत शेकडो जहाजं स्टेशनबाहेरच्या पुतळ्याभोवती जमली आणि त्यावर गोळ्या झाडत बसली. पुतळा फुटत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी झाडत होते. अनेकांनी वर्गणी बंद केली.

तेव्हा सीसीपीने सीएसएमला तातडीने विमानाने रेक्याविकला बोलावलं. जूनअखेरीस दोन दिवस दारं बंद करून चर्चा झाली. कंपनी आणि कौन्सिल यांनी मिळून निवेदन काढलं की, पैसे देऊन लढाईत वरचढ ठरता येईल अशा वस्तू विकण्याचा बेत नाही. बऱ्याच खेळाडूंचं तेवढ्याने समाधान झालं नाही, आणि कौन्सिललाही "तुम्ही कंपनीचे पोपट" म्हणून शिव्या बसल्या. पण ऑक्टोबरात हिल्मार यांनी जाहीर माफीचं पत्र लिहिलं, कंपनीने सुमारे २० टक्के नोकरवर्ग कमी केला, आणि वर्षअखेरीचं क्रुसिबल हे अपडेट पुन्हा जहाजांवर केंद्रित झालं.

हे कौन्सिलमुळे झालं का? एकट्या कौन्सिलमुळे नाही. बंद झालेल्या वर्गण्यांमुळे जास्त. पण त्या दोन दिवसांत खेळाडूंची बाजू मांडायला खोलीत कुणीतरी होतं, आणि बाहेर येऊन "आम्ही आकडे पाहिलेत" असं म्हणणाऱ्याच्या शब्दाला काही वजन होतं. सीएसएमची सगळी ताकद एवढ्यात आली: आतल्यांचा तुमच्यावर विश्वास आणि बाहेरच्यांचाही. दोन्ही एकदम सांभाळणं म्हणजे तारेवरून सायकल चालवणं. बहुतेक जण एका बाजूला पडतात.

उभं राहायला काय लागतं?

मोठी यादी नाही. वय १८ पूर्ण, अकाउंट किमान काही आठवड्यांचं जुनं (६० दिवस धरून चला), नियमभंगाचा मोठा डाग नाही, खरी ओळख कंपनीला द्यायची तयारी, गोपनीयतेच्या करारावर सही, आणि चालू पासपोर्ट.

पासपोर्टवर आपली माणसं अडतात. संपत आला असेल तर आजच नूतनीकरणाला टाका. आइसलँड शेंगेनमध्ये आहे, म्हणजे भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. तिकीट आणि राहणं सीसीपी बघते. पण बँक स्टेटमेंट, बॉसचं रजेचं पत्र आणि बोटांचे ठसे ही धावपळ तुमचीच. साहेबाला "अंतराळातल्या कौन्सिलच्या बैठकीला जायचंय" हे कसं सांगायचं, याचा विचार आधी करून ठेवा. आमच्या उमेदवाराने "एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक सल्लागार मंडळाची बैठक" असा मसुदा तयार ठेवला होता. त्यात खोटं काहीच नाही.

मतदान कोण करू शकतं? एका माणसाची दहा अकाउंट असतील तर?

दहा मतं, जर दहाही ओमेगा म्हणजे पैसे भरलेली असतील तर. नोव्हेंबर २०१६ पासून फुकट खेळता येणारी अल्फा अकाउंट आली, त्यांना मत नाही. एक माणूस एक मत हे तत्त्व इथे नाहीच, एक वर्गणी एक मत आहे. यावर बोंब मारणारे दरवर्षी असतात आणि त्यांचं चुकत नाही. पण सहकारी साखर कारखान्यात शेअर कुणाच्या नावावर आहेत आणि मत कोण देतं हे ज्याने पाहिलंय, त्याला याचा धक्का बसू नये.

मतमोजणीचा घोळ एकदा नीट समजावून सांगा.

घोळ नाही, आणि मराठी माणसाला तर मुळीच वाटू नये. आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीत हेच चालतं: पसंतीक्रम, कोटा, पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं. २० जून २०२२ ची निवडणूक आठवा. १० जागा, ११ उमेदवार, २८५ आमदारांचं मतदान, आणि दिवसभर प्रत्येक चॅनेलवर एकच आकडा, कोटा २६. तो आला कुठून? जागांमध्ये एक मिळवायचा, ११. त्याने मतांना भागायचं. तेवढी मतं दहा जणांना मिळाली की अकरावा कुठूनही तेवढी आणू शकत नाही.

सीएसएममध्ये २०१३ पासून हीच पद्धत आहे. त्याआधी ज्याला जास्त मतं तो वर, असा साधा हिशोब होता. आता समजा ३०,००० मतं पडली आणि जागा १० आहेत. कोटा होतो २,७२८. एखाद्या मोठ्या अलायन्सच्या उमेदवाराला ४,००० पहिल्या पसंतीची मतं पडली, तर तो निवडून आला आणि वरची १,२७२ मतं वाया न जाता त्याच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे गेली. ती माणसं निवडून सरकवत नाहीत, प्रत्येक मताचा ठरावीक अंश सरकतो. मग सगळ्यात खालचा उमेदवार बाद. त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या नावावर. ही उतरंड दहा जागा भरेपर्यंत चालते. ईव्हमधली मोजणी राइट या पद्धतीने होते, तिच्यात कुणी बाद झालं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, जणू तो उमेदवार उभाच नव्हता. हाताने करायला बसलात तर वेड लागेल. संगणक करतो, आणि ईव्ह खेळणारे लोक नंतर स्वतःच्या कोडने पडताळतात, कारण त्यांना स्प्रेडशीटचं व्यसनच आहे.

यातून उमेदवाराने दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, "दुसऱ्या पसंतीला तरी टाक" ही विनंती फुकट नाही, तिला खरी किंमत आहे. दुसरी, फक्त दुसऱ्या पसंतीवर कुणी निवडून येत नाही. पहिल्याच फेऱ्यांत तुम्ही तळाला असाल तर तुमच्याकडे येऊ शकणारी मतं सुटण्याआधीच तुम्ही बाद झालेले असता. आम्ही पहिल्या वर्षी याच खड्ड्यात गेलो. सगळ्यांना आम्ही आवडत होतो. तिसऱ्या क्रमांकावर.

मोठे ब्लॉक सगळ्या जागा घेऊन जातात, मग उभं राहून काय फायदा?

गठ्ठा मतं आहेतच. गूनस्वार्म आणि त्यांची इम्पीरियम, पँडेमिक होर्ड वगैरे मोठे ब्लॉक, म्हणजे बड्या अलायन्स आणि त्यांच्या आघाड्या, मतदानाच्या आठवड्यात तयार यादी काढतात, डिस्कॉर्डवर पिंग टाकतात, "हीच नावं, याच क्रमाने". लोक डोळे मिटून तेच भरतात. हे वाईट आहे का? मला तरी वाटत नाही. हजारो लोकांना रात्री तीन वाजता उठवून एका फ्लीटमध्ये, म्हणजे जहाजांच्या ताफ्यात, आणणाऱ्या संघटनेला मतदान करून घेणं जड नाही, आणि ती संघटना उभी करणं हीही एक मेहनतच.

जी ताकद दिसते ती कशी बनते, याचं एक उदाहरण. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी या सौरमालेत २१ तास लढाई चालली आणि ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, नष्ट झाली. कारण? त्या जागेच्या ताब्याचं बिल वेळेत भरलं गेलं नाही. एवढ्याशा चुकीवर शेकडो लोक तासाभरात गोळा झाले. अशांच्या यादीशी तुमची एकट्याची घोषणा टक्कर घेऊ शकत नाही.

पण यादीला दहा ओळी असतात, आणि ब्लॉकचे स्वतःचे उमेदवार दोन-तीन. उरलेल्या ओळी भरायला त्यांना भली माणसं हवी असतात. तिथे शिरायचं. कुणाच्या दारात जाऊन गयावया करायची नाही; त्यांच्या डिप्लोमॅटशी निवडणुकीच्या आधी सहा महिने, काहीही मागायचं नसताना, बोलत राहायचं.

माझी कॉर्प (खेळाडूंचा गट) पंधरा जणांची. जमेल?

जमलेलं आहे, पण अशा लोकांची गोष्ट बघा. स्टीव्ह रोनुकेन हा बाजारभाव आणि उत्पादनाचा हिशोब देणारी फझवर्क ही साइट चालवायचा. ब्लॉक कुठलाही असो, त्याची साधनं वापरत सगळेच. तो अनेक वर्षं निवडून आला. माइक अझारिया हायसेकमध्ये, म्हणजे खेळातल्या त्यातल्या त्यात सुरक्षित भागात, नवख्यांना जहाजं फुकट वाटत फिरायचा. ज्यांना पहिलं जहाज त्याने दिलं, त्यांनी पुढे कुठल्याही अलायन्समध्ये गेल्यावर त्याचं नाव यादीत घातलं. कॉर्बेक्स वर्महोलमधल्यांचा, म्हणजे नकाशावर नसलेल्या सौरमालांत राहणाऱ्यांचा, माणूस. वर्महोलमध्ये राहणारे एरवी एकमेकांची घरं जाळतात, पण आपल्या भागाचा एक तरी माणूस आत हवा यावर त्यांचं एकमत होतं.

आणि ट्रेबोर डेहडू. हे नाव रोमन लिपीत लिहून उलटं वाचा, रॉबर्ट वुडहेड निघतं. विझर्ड्री या १९८१ च्या गाजलेल्या कॉम्प्युटर गेमच्या दोन निर्मात्यांपैकी एक. त्या गेममधल्या वेड्या राजाचं नावही ट्रेबोरच होतं. हा गृहस्थ चार वेळा कौन्सिलवर होता, आणि पसंतीक्रमाची मतमोजणी आणण्यासाठी आकडेमोड करत भांडणाऱ्यांत पुढे होता. नवीन पद्धत आली तेव्हा तीच पद्धत त्यालाही निवडून देणार होती. दिली.

या चौघांत समान काय, तर अर्ज भरण्याच्या दिवशी त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. पंधरा जणांची कॉर्प अडचण नाही. पंधरा जणांपलीकडे कुणी ओळखत नसेल तर ती अडचण.

जाहीरनाम्यात काय लिहू?

"सुपरकॅपिटल (महाकाय जहाजं) कमजोर करीन, मायनिंगचं उत्पन्न वाढवीन" असलं काही लिहू नका. तुम्ही काहीच करणार नाही आहात, तुम्ही सांगणार आहात. जुने मतदार अशी आश्वासनं दिसली की तिथेच वाचणं थांबवतात. कुठल्या विषयात तुम्ही कंपनीच्या डिझायनरपेक्षा जास्त तास घालवलेत, ते लिहा. एकच विषय. "मी फॅक्शन वॉरफेअरमध्ये (खेळातल्या साम्राज्यांच्या युद्धात) चार वर्षं दररोज उडतो, आणि त्यातली ही तीन दुखणी मला पाठ आहेत." बस.

आमचा पहिला जाहीरनामा अकरा पानांचा होता. शेवटच्या पानावर एक गंमत म्हणून वाक्य टाकलं होतं, "हे वाचलं असेल तर मला एक दशलक्ष इस्क (खेळातलं चलन) माग." एकाने मागितले. तो आमच्याच कॉर्पमधला होता.

प्रचार कधी करायचा? माझी वेळ कुणाशीच जुळत नाही.

हे आपलं खास दुखणं. खेळाचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आइसलँडचंही वर्षभर तेच. आपण साडेपाच तास पुढे. रोजचा डाउनटाइम (सर्व्हर थोडा वेळ बंद असतो तो) यूटीसी ११ ला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, ऐन चहाच्या वेळी. युरोपचे लोक यूटीसी संध्याकाळी सातला जमतात तेव्हा आपले साडेबारा वाजून गेलेले. अमेरिकेची रात्र म्हणजे आपली सकाळ, डबा भरायची आणि लोकल गाठायची वेळ.

मुलाखती घेणारी पॉडकास्टवाली मंडळी बहुतेक युरोप-अमेरिकेतली. आमच्या उमेदवाराची मुलाखत रात्री एकला होती. घरात सगळे झोपलेले, तो स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याशी लॅपटॉप ठेवून कुजबुजत्या आवाजात सार्वभौमत्वाच्या नियमांवर बोलतोय. मध्येच त्याची आजी पाणी प्यायला उठली आणि तिने लाइट लावून विचारलं, "कुणाशी बोलतोयस रे, मुलगी आहे का?" ते तसंच प्रसारित झालं. मराठी न कळणाऱ्या श्रोत्यांनीही सूर ओळखला. त्या मुलाखतीने आम्हाला जेवढी मतं दिली तेवढी अकरा पानांनी दिली नाहीत.

निवडून आल्यावर मात्र वेळ तुमच्या बाजूने वळते. रेक्याविकच्या कचेरीत दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. ऑफिस उरकून, जेवून कॉलवर बसता येतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सदस्याला त्याच कॉलसाठी सकाळी कामावरून निसटावं लागतं.

इंग्रजी फाडफाड येत नाही, चालेल का?

चालेल. रशियन, जर्मन, जपानी लोक वर्षानुवर्षं अडखळत्या इंग्रजीत काम करतात. लिहिलेलं स्पष्ट हवं, कारण बरंचसं काम चॅटवर आणि लेखी टिपणांवर होतं. खेळ मराठीत नाही, हिंदीतही नाही, आणि आपल्या संख्येवर लवकर येईल असं वाटत नाही. "भारतीय उमेदवार" म्हणून मतं मागायचा विचार असेल तर तोही सोडा. तेवढ्या मतांत कोट्याचा कोपराही भरत नाही.

गोपनीयतेचा करार मोडला तर काय होतं?

बाहेर जाता, कायमचे. २००९ मध्ये लार्कोनिस ट्रासलर नावाच्या सदस्याने कौन्सिलमध्ये कळलेल्या आतल्या माहितीवर खेळातल्या बाजारात हात मारला. उघड झाल्यावर त्याला जागा सोडावी लागली. ईव्हमध्ये फसवणूक, हेरगिरी, लूट हे सगळं खेळाचा भाग म्हणून चालतं. दुसऱ्याची बँक बुडवली तरी कुणी हाकलत नाही. पण हे चालत नाही, कारण ते खेळाच्या आतलं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी. एप्रिल २०१९ मध्ये सीसीपीने ब्रिस्क रुबाल या सदस्यावर माहिती फोडल्याचा आरोप ठेवून जाहीरपणे कायमची बंदी घातली. त्याने शेवटपर्यंत नाकारलं. काही आठवड्यांनी कंपनीने पुन्हा तपास केला, पुरावा नाही असं सांगितलं, बंदी उठवली आणि माफी मागितली. पुढे तो पुन्हा निवडूनही आला. मधल्या आठवड्यांत त्याचं नाव गेमिंगच्या सगळ्या बातम्यांत होतं, आणि त्याचं खरं नाव लोकांना आधीच माहीत होतं. अर्जावर सही करताना हा प्रसंग डोळ्यांपुढे असू द्या. नियम साधा ठेवा: कौन्सिलच्या चॅटमध्ये वाचलेल्या कुठल्याही वस्तूचा खरेदी-विक्रीशी संबंध येत असेल तर ती वर्षभर विकायची नाही, घ्यायची नाही, आणि कॉर्पमध्ये तिचं नावही काढायचं नाही. नुसतं "थांब, आत्ता घेऊ नकोस" म्हणालात तरी तुम्ही सगळं सांगून टाकलेलं असतं.

मी खेळात खलनायक आहे. त्याचा त्रास होईल?

खलनायकांना मतं मिळतात. २०१२ मध्ये गूनस्वार्मचा मित्तानी दहा हजारांहून जास्त मतं घेऊन पहिला आला होता, आणि हेरगिरी हा त्याच्या कारकिर्दीचा पायाच होता. पण निकालाच्या सुमारास रेक्याविकच्या फॅनफेस्टमध्ये, म्हणजे कंपनीने भरवलेल्या खेळाडूंच्या मेळाव्यात, भरल्या सभागृहासमोर, दारूच्या अंमलाखाली तो एका खचलेल्या खेळाडूची थट्टा करत त्याला छळायला लोकांना उचकवून बसला. नंतर माफी मागितली. सीसीपीने ३० दिवसांची बंदी घातली आणि तो कौन्सिलमधून गेला. दहा हजार मतं तशीच पाण्यात. जहाज जाळणं आणि माणसाला जाळणं यातला फरक तुम्हाला कळत नसेल तर कृपया उभे राहू नका.

त्याच्याच संघटनेत एक व्हाइल रॅट होता, सहाव्या कौन्सिलचा सदस्य. खेळात तो राजनैतिक बोलणी करायचा, आणि खऱ्या आयुष्यात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियातल्या बेंगाझीतल्या हल्ल्यात तो मारला गेला. त्याची बातमी कळली तेव्हा ज्यांच्याशी तो वर्षानुवर्षं लढला होता त्यांनीही आपापल्या स्टेशनांची नावं बदलून त्याचं नाव दिलं. शत्रूंनी असं करावं इतकी पत एखाद्याने तह करता करता कमावली होती.

किती वेळ जातो?

खेळायला वेळ उरत नाही, अशी तक्रार जवळपास प्रत्येक माजी सदस्याच्या तोंडी ऐकाल. सोडून द्यावंसं वाटायला लागलं तरी वाचत राहावं लागतं.

घरी काय सांगू?

सोसायटीच्या कमिटीवर आहे असं सांगा. पार्किंगची भांडणं, पगार नाही, आणि सगळे शिव्या देतात. लगेच समजतं. फक्त सभा आइसलँडला असते हे शेवटी सांगा.

हरलो तर?

बहुधा हराल. निकालासोबत मोजणीच्या फेऱ्यांचा तपशीलही मिळतो, तो उतरवून घ्या. कितव्या फेरीत बाद झालात, आणि तुमची मतं कुणाकडे गेली ते शोधा. ते नाव म्हणजे तुमच्या मतदारांना तुमच्यासारखा वाटलेला माणूस. तो निवडून आला असेल तर त्याला दुसऱ्याच दिवशी लिहा, अभिनंदन करा, आणि तुमची ती तीन दुखणी त्याच्या हातात द्या.

आमच्या उमेदवाराने दुसऱ्या वर्षी हेच केलं. निकाल लागला तेव्हा आपल्याकडे पहाट होती. त्याने पत्र लिहिलं, शेवटी ईव्हवाल्यांची नेहमीची सलामी म्हणून एक शून्य आणि एक सात (डोकं आणि सलाम ठोकणारा हात) टाकला, आणि आंघोळीला गेला. सहा महिन्यांनी आलेल्या एका छोट्या बदलाच्या यादीत त्याच्या तिनांतलं एक दुखणं बरं झालेलं होतं. कुणामुळे, ते यादीत लिहिलेलं नसतं. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, त्या ओळीभोवती लाल गोल काढून. खाली काहीच लिहिलं नव्हतं.